डोअरमॅटच्या नावापुढचं शून्य

मी आज जो काही आहे, तो डोअरमॅटमुळे आहे. आमच्या विनिपेगच्या मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी ‘माझं प्रेरणास्थान’ या विषयावर लेख मागवले, तेव्हा मी पहिलं वाक्य हेच लिहून पाठवलं. संपादिका वहिनींचा लगेच फोन आला.

“अहो, बाकी सगळ्यांनी आई, वडील, गुरुजी असं लिहिलंय. एकाने तर स्वतःच्या मॅनेजरवर लिहिलंय, अप्रेझल जवळ आलंय त्याचं. त्यात तुमचं हे पायपुसणं मी कुठे बसवू?”

“सगळ्यात खाली बसवा,” मी म्हणालो. “त्याला सवय आहे.”

डोअरमॅट हा जिताजागता माणूस आहे. मी त्याला ओळखू लागलो तेव्हा तो आमच्या शहरातल्या बेसबॉल संघाचा कॅचर होता. आपल्याला समजेल असं सांगायचं तर यष्टिरक्षक. फरक एवढाच, की आपला यष्टिरक्षक मधूनमधून उभा राहतो, षटक संपलं की चालतो, चहापानाला जातो. कॅचर सामनाभर उकिडवा बसतो. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, समोरून दगड भिरकावल्यासारखा चेंडू मारत असतो, नाकासमोर दुसऱ्याच कुणाची तरी बॅट फिरत असते, आणि हा बसलेला. चेंडू सुटला तर सगळं मैदान त्याच्याकडे बघतं. नाही सुटला तर कुणीच बघत नाही. याला कौशल्य म्हणतात.

तो व्यावसायिक खेळाडू होता, म्हणजे उन्हाळ्यात बेसबॉल खेळायचा आणि हिवाळ्यात कर्लिंग नावाच्या बर्फावरच्या खेळाच्या रिंकवर बर्फ सपाट करायचा. मोठ्या लीगमध्ये तो एकदा गेला होता, अकरा दिवस. अकराही दिवस बाकावर बसून परत आला. “बाक उत्तम होता,” तो सांगायचा. “गादी होती त्याला. माझ्या कारकिर्दीतली सगळ्यात उंच बैठक.”

बॅटिंगबद्दल न बोललेलं बरं, पण तो स्वतःच बोलायचा. “हातात काहीतरी असावं म्हणून बॅट नेतो. रिकाम्या हाताने कुणाकडे जाणं बरं दिसत नाही.”

डोअरमॅट हे नाव त्याला एका पिचरने दिलं होतं. आमच्या संघात विशीतले पिचर यायचे. आपला चेंडू कुठे जाणार हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसायचं. हा त्यांचे चेंडू मातीतून, डोक्यावरून, अंपायरच्या बुटापासून गोळा करायचा, दोन उन्हाळ्यांत त्यांना माणसात आणायचा, आणि मग ती मंडळी मोठ्या संघांत जायची. उंबऱ्याशी पाय पुसायचे आणि आत शिरायचं. आत शिरल्यावर पायपुसण्याची चौकशी करायची पद्धत कुठल्याच देशात नाही. “एकाने सही केलेला फोटो पाठवला होता,” डोअरमॅट म्हणाला. “फ्रीजवर लावला. बायकोने विचारलं, हा कोण? म्हटलं, माझा डावा अंगठा वाकडा का आहे, त्याचं स्पष्टीकरण.”

मी त्या संघात आकडेवारीच्या कामाला लागलो होतो. गावी, मंठ्याच्या शाळेत शिकलेला, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, वर इथल्या कॉलेजचा डेटा ॲनालिटिक्सचा डिप्लोमा आणि खिशात वर्क परमिट. वर्षभर नोकरी झाली की अनुभवाचं पत्र मिळणार आणि त्या पत्रावर मी पीआरला, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याला, अप्लाय करणार, असा सगळा हिशेब. घरी आई-वडिलांना पीआर म्हणजे काय ते नीटसं कळत नव्हतं; एक पत्र यायचंय आणि ते आलं की पोरगा ‘पास’ होणार, एवढं कळत होतं. तेवढं पुरेसं होतं.

पहिल्या दिवशी, ऑगस्ट महिन्यात, मी हिवाळ्याचं जॅकेट घालून मैदानावर गेलो. तो गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या बांधून बसला होता.

“गुड मॉर्निंग सर. मी नवीन डेटा ॲनालिस्ट.”

त्याने मागे वळून बघितलं. “सर कोण? पोलीस आलेत का?”

“नाही सर.”

“तू भारतातला ना? क्रिकेट येतं?”

“हो सर.”

“छान. म्हणजे काही न घडता पाच दिवस बसायची तुला प्रॅक्टिस आहे. माझं काम समजेल तुला, प्रोफेसर.”

आमच्या खानदानात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी पहिल्याच दिवशी प्रोफेसर झालो. नोकरीत एवढी झटपट बढती मला पुन्हा कधी मिळाली नाही.

त्याच्या कलेला इंग्रजीत भारदस्त नावं आहेत. साध्या भाषेत ती चोरी होती. पिचरचा चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेरून गेला तर तो वाया. पण डोअरमॅट तो इतक्या अलगद झेलायचा, मनगट इतकं हळू आत आणायचा, की अंपायरला शपथेवर वाटायचं, चेंडू चौकटीतूनच आला. शिवाय प्रत्येक चेंडूगणिक तो अंपायरच्या बायकोच्या टोमॅटोंची चौकशी करायचा. “अंपायरशी भांडायचं नसतं, प्रोफेसर. त्याला जे दिसतं, ते बदलायचं.” समोरच्या संघाचा कोच घसा फोडून ओरडत असायचा, आणि अंपायर टोमॅटोंना लागलेल्या किडीबद्दल बोलत असायचा.

पण त्याची खरी सवय वेगळी होती. चेंडू हुकून मागे गेला, की डोअरमॅट धावत जाऊन तो आणायचा, पिचरकडे फेकायचा आणि उजवी मूठ दोनदा छातीवर आपटायचा. “माझी!” म्हणजे चूक माझी. पिचरने चेंडू शेजारच्या प्रांतात टाकला असला तरी “माझी!”

मी वर प्रेस बॉक्समध्ये स्कोअररबाईंच्या शेजारी बसायचो. या बाई सत्तरीच्या, मांडीवर लोकर, आणि दोन टाक्यांच्या मधल्या वेळात सामना. चेंडू निसटला तर ती पिचरची चूक लिहायची की कॅचरची, हे ठरवायचा अधिकार त्यांचा. मी नवखा, डोअरमॅटची मूठ छातीवर गेलेली बघून त्याच्या नावावर चूक टाकायला निघालो.

“त्याच्या हाताकडे बघू नकोस,” बाई म्हणाल्या. “तो खोटारडा आहे. गेली कित्येक वर्षं मी त्याच्या डोळ्यांदेखत पिचरच्या नावावर लिहिते. नाहीतर हा जगभरच्या चुका घरी घेऊन जाईल.”

मी त्याला विचारलं, तुम्ही हे का करता?

“तो पिचर विशीतला आहे. घरी जाऊन विचार करत बसेल. मी विचार करत नाही. माझा सगळा वेळ जिना चढण्यात जातो.”

त्याच्या गुडघ्यांचा आवाज गंजलेल्या फाटकासारखा यायचा. आणि याच माणसाने पहिल्या हिवाळ्यात मला दारातला बर्फ शोव्हल करायला शिकवलं. मी ज्या बेसमेंटमध्ये राहायचो तिथे स्वतःहून येऊन, माझ्या हातातलं फावडं काढून घेऊन. “पाठ नाही वाकवायची. गुडघे वाकवायचे. मी आयुष्यभर तेच केलं, बघ कसा तुरुतुरु चालतोय.” बर्फात घालायचे बूट घ्यायलाही तोच घेऊन गेला, मी मंठ्याहून आणलेल्या बुटांकडे त्याने मयताला आल्यासारखं बघितलं आणि टोपी काढली. जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. “छान आहे,” तो म्हणायचा. “चेहऱ्यावर कॅचरचा मास्क लावून खायला हवी.”

एकदा त्याने विचारलं, वडील काय करतात? मी जरा दबकतच सांगितलं, शाळेत शिपाई आहेत; घंटा देतात. आणि वडिलांचं एक वाक्य सांगितलं, जे ते कुठलीही कडवट चव न ठेवता सांगतात: “तीस वर्षं घंटा दिली. एकदाच इसरलो. त्या दिवशी हेडमास्तरांना माझं नाव कळालं.”

डोअरमॅट इतका हसला की बर्फाची पिशवी खाली पडली. मग एकदम थांबला. “प्रोफेसर, तुझा बाप कॅचर आहे,” तो म्हणाला. वडिलांना आजवर मिळालेली ही सगळ्यात मोठी पदवी. मी फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “म्हंजी काय असतंय ते?”

माझं वर्ष भरायला दोन महिने उरले असताना संघाला नवे जनरल मॅनेजर, म्हणजे जीएम, आले. मूळचे ब्रॉसार्डचे, फ्रेंच बोलणाऱ्या मुलखातले. वाक्याच्या सुरुवातीला “बॉन”, म्हणजे ‘छान’, म्हणायचे आणि मग काहीतरी वाईट सांगायचे. “बॉन! यापुढे आपण डोळ्यांनी नाही, डेटाने बघणार.” डोळे असलेल्या माणसांना त्यांनी मागच्या रांगेत बसवलं आणि मला पुढे. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, यासाठी मी रिपोर्ट बनवायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा एक साहेब माझ्या कागदाची वाट बघत होता. मी छाती फुगवून कामाला लागलो.

आता ती चूक. झेलण्याच्या तक्त्यात संघातल्या सगळ्यांचीच नावं होती, पिचरपासून राखीवांपर्यंत. मला फक्त कॅचर हवे होते. मी डोकं चालवलं: ‘हातून सुटलेले चेंडू’ या रकान्यात ज्यांच्यापुढे शून्य आहे, ते कॅचर नसणारच, त्यांच्या ओळी गाळा. एका ओळीचा कोड. सगळे पिचर गेले, सगळे राखीव गेले, तक्ता कसा स्वच्छ, नेटका झाला. आणि त्यांच्याबरोबर तो एकटा कॅचरही गेला, ज्याच्या हातून त्या उन्हाळ्यात तोवर एकही चेंडू सुटला नव्हता. झेलण्याच्या यादीत डोअरमॅट नव्हताच. बॅटिंगच्या यादीत मात्र होता. शेवटी, एकटा, ठळक.

मी तो रिपोर्ट तीन वेळा तपासला. स्पेलिंगची एकही चूक नव्हती.

गुरुवारी जीएमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. पाच मिनिटांत तो बाहेर आला. संघाने त्याला मोकळं केलं होतं. माझ्या टेबलाशी थांबला. “प्रोफेसर, तुझा फॉन्ट सुरेख आहे,” म्हणाला आणि गेला. मला वाटलं, मनावर घेऊ नये म्हणून बोलतोय. मी “थँक यू सर” म्हणालो. खरंच म्हणालो.

शनिवारी दुपारच्या सामन्यात नवा कॅचर बसला. चेंडू त्याच्या पायांमधून जात होते, बगलेतून जात होते. एक तर अंपायरला लागला, आणि त्या दिवशी टोमॅटोंचा विषय कुणी काढला नाही. स्कोअररबाईंनी विणकाम पिशवीत टाकलं. “माझ्या लिहिण्याप्रमाणे त्याचं शून्य होतं,” त्या म्हणाल्या. “शून्यवाल्याला काढून याला कुणी बसवलं?”

शून्य हा शब्द ऐकल्यावर मला तक्त्यातला तो रकाना आठवला. मी तिथेच लॅपटॉप उघडला. एक ओळ काढली. डोअरमॅट सगळ्यात वर आला.

घरी येऊन रूममेटला सांगितलं. सागर नागपूरचा, वेअरहाऊसमध्ये काम करतो, सल्ला न मागता देतो.

“तू पागल झाला का बे? जीएमला सांगणार? लेटर यायला दोन महिने राहिले ना? तोवर गप बस. पीआर झाल्यावर हो हरिश्चंद्र.”

“सागर, त्याची नोकरी गेली माझ्यामुळे.”

“आणि आता तुझी जाईल. मग दोघं मिळून शोव्हल करा.”

दुसऱ्या दिवशी मी आधी डोअरमॅटला गाठलं. मैदानाच्या पार्किंगमध्ये तो पिकअपमध्ये सामान भरत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. कोडची ती ओळसुद्धा म्हणून दाखवली. त्याने शांतपणे पॅड रचले, वर मास्क ठेवला.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “जीएमने कागद माझ्यासमोरच ठेवला होता. मी माझं नाव शोधलं. पिचरांची नावं नव्हती, माझंही नव्हतं. म्हटलं, प्रोफेसरने शून्यं झाडून टाकली.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“बोललो ना. म्हटलं, कागद बरोबर आहे, गुडघे गेलेत, मी तसाही थांबणारच होतो.”

“पण ते खोटं आहे!”

“गुडघ्यांना विचार. ते माझ्या बाजूने साक्ष देतील.” त्याने ट्रकचं दार लावलं. “हे बघ. तू आत्ता आत जाऊन सांगशील. जीएम नवीन आहे, त्याच्या पहिल्याच रिपोर्टची अब्रू जाईल. तो मला परत घेणार नाही, तुला मात्र काढेल. एका चेंडूवर दोघं बाद. हे मी डावातल्या कुठल्या मुलालाही करू देत नाही.” आणि त्याने उजवी मूठ दोनदा छातीवर आपटली. “माझी.”

मी काय केलं? मी ग्रॅज्युएट होतो, संस्कारी होतो, शाळेत सत्यावरच्या निबंधाला पहिलं बक्षीस मिळवलेला होतो. मी गप्प बसलो. दोन महिन्यांनी लेटर आलं, पुढे यथावकाश पीआर आला, आणि मंडळाने गणपतीत शाल देऊन माझा सत्कार केला. डोअरमॅट सस्कॅचेवनमधल्या त्याच्या गावी गेला, जिथे एक पेट्रोल पंप आहे आणि त्या पंपावरच पोस्ट आहे. पीआर झाल्याचं मी फोन करून सांगितलं तर म्हणाला, “अभिनंदन. आता तुलाही टॅक्सबद्दल तक्रार करता येईल.” रिपोर्टचा विषय मी काढला नाही. त्यानेही नाही. तो मोठ्या मनामुळे आणि मी सोयीमुळे.

आता या वर्षीची गोष्ट. तेच जीएम बढती मिळून लीगच्या कचेरीत गेले. त्यांनी मला बोलावून आकडेवारी विभागाचा प्रमुख व्हा म्हटलं. माझा तो जुना रिपोर्ट त्यांनी फ्रेम करायचाच काय तो बाकी ठेवला होता. “बॉन! हा कागद म्हणजे धाडस होतं. भावनेत न अडकता केलेलं काम.”

मी नम्रपणे मान खाली घातली. तेवढ्यात ते म्हणाले, “नव्या कॅचरना शिकवायला आम्हाला एक कोच हवाय. तुमच्या त्या डोअरमॅटनेही अर्ज केलाय, बरं का. मुलाखतीला बोलावणार नाही. तुमच्याच यादीत नाव नाही त्याचं. ज्याला झेलता येत नव्हतं, तो शिकवणार काय?”

  मी ऑफर लेटर बॅगेत टाकून घरी आलो. सागरला सांगितलं. सल्ला द्यायच्या आधी त्याने अख्खा कप चहा संपवला. नागपूरच्या माणसाच्या मानाने फार मोठा वेळ. मग म्हणाला, “पीआर झाला ना बे तुझा? मग हो हरिश्चंद्र. उशीर झालाच आहे.”

त्यानंतर मी डोअरमॅटला जे पत्र पाठवलं, ते खाली देतो. आधी मराठीत लिहून मग इंग्रजी केलं होतं, तेव्हा मूळ हेच.

प्रिय डोअरमॅट,

सोबत एक कागद आहे. त्या उन्हाळ्याचा झेलण्याचा तक्ता, कॅचरांची पूर्ण यादी. पहिल्या ओळीत तुमचं नाव आहे आणि नावापुढे शून्य. आकडे स्कोअररबाईंच्या वहीशी ताडून पाहिले. त्यांनी सही केली आणि सांगितलं, त्याला म्हणावं, खोटं बोलून पंचवीस वर्षांत एक चूक मिळवता आली नाही तुला.

हाच कागद काल जीएमना पाठवला. खाली लिहिलं की मूळ रिपोर्टमधून हे नाव मी गाळलं होतं. गाळल्याचं मला तेव्हाच कळलं होतं. आणि मी माझ्या पत्रासाठी गप्प बसलो. ऑफर लेटरवर सही केलेली नाही. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. ‘बॉन’ एवढंसुद्धा नाही.

तुम्ही चिडाल. म्हणाल, मी अडवलेला चेंडू उचलून तू पुन्हा मैदानात कशाला फेकलास. पण तो चेंडू तुम्ही अडवला, आणि मी तुमच्यावर पाय पुसून आत गेलो. आत ऊब आहे, सोफा बरा आहे, आणि दर वेळी दार उघडलं की तुम्ही दिसता.

वडिलांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. त्यांनी फक्त विचारलं, “त्या माणसाचं खरं नाव काय रं?” मी कागदावर बघून वाचून दाखवलं. या वेळी ते कागदावर होतं.

जीएम कदाचित तुम्हाला फोन करतील. खरं-खोटं विचारतील. तेव्हा तुमचा उजवा हात कुठे जाईल, ते मला माहीत आहे. कृपा करून तो गुडघ्यावर ठेवा. तिथे त्याची जास्त गरज आहे.

ही माझी.

तुमचा,
प्रोफेसर